नानांची सकाळची बोटं

तस्नीमला एक कोडं काही केल्या सुटेना. रात्रभर झोपलं की माणूस ताजातवाना होतो. मग तिच्या नानांची बोटं सकाळीच का आखडलेली? दुपारपर्यंत ती जरा वळायची, पण चिमूट काही जमायची नाही. आणि चिमटीशिवाय तानपुऱ्याच्या तारेखाली रेशमी दोरा सरकवणार कसा? तो नेमक्या जागी बसल्याशिवाय तार घुमत नाही. मिरजेच्या त्यांच्या कारखान्यातला हा तानपुरा उद्याच्या यानाने चंद्रावरच्या वसाहतीत जायचा होता.

"कळवून टाकू, जमत नाही म्हणून," नाना म्हणाले.

तस्नीमला ते पटेना. नवी तार ताणून ताणूनच वळणावर येते, हे ती जन्मापासून बघत आलेली. तिने नानांचं सुजलेलं बोट धरलं आणि दिलं ओढून!

"या अल्ला!" नाना कळवळले. "अगं, बोट आहे ते, तार नव्हे!"

तस्नीम रडवेली झाली. घरचा यंत्रमानव बुलबुल लगबगीने पुढे आला. त्याने हवेत नानांच्या हाताचं चित्र उमटवलं.

"डॉक्टरांनी सांगितलाय तो हा सोरियाटिक आर्थ्रायटिस (सोरायसिस या त्वचारोगासोबत येणारी सांध्यांची सूज)," बुलबुल म्हणाला.

"म्हणजे नानांच्या कोपरावरचे ते खवल्यांचे चट्टे? त्यांचा बोटांशी काय संबंध?" तस्नीमने विचारलं.

"प्रतिकारशक्ती (जंतूंशी लढणारी शरीराची फौज) चुकून आपल्याच माणसांवर तुटून पडते. आधी त्वचेवर, मग सांध्यांवर, आणि कंडरा (स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी) जिथे हाडाला धरते तिथेही. म्हणून अख्खं बोट फुगतं, मूठ वळत नाही. रात्री हालचाल थांबली की सांधे आखडतात. सकाळी हळूहळू हलवले की सैल होतात. ओढले तर मात्र दुखतातच."

"मला होईल, नानांना शिवले तर?"

"छे! शिवून पसरत नाही. नवं औषध फौजेला शांत करतंय, पण त्याला थोडे आठवडे लागतील."

तस्नीमने डोळे पुसले. यान काही तेवढं थांबणार नव्हतं. ती तानपुऱ्यापाशी बसली आणि दोरा स्वतःच्या चिमटीत धरला.

"सांगा नाना."

ती तार छेडत दोरा सरकवू लागली. नानांनी डोळे मिटून कान लावले. "मागे घे. अजून. आता केसभर पुढे... थांब!"

तार घुमली. कारखानाभर घुमतच राहिली. नानांनी सुजलेला हात तिच्या डोक्यावरून फिरवला.

"आणि तुमची बोटं बरी झाल्यावर?" तिने हळूच विचारलं.

"तेव्हा दोरा मी सरकवीन," नाना हसले, "आणि 'थांब' तू म्हणायचं."