रिकाम्या चौकटीतले पट्टे

तीर्थपुरीच्या शाळेची प्रयोगशाळा म्हणजे रस्त्याकडची एक लांबट खोली. दोन खिडक्या, त्यांना आतून चिकटवलेला काळा कागद. दाराला जुन्या छत्र्यांचं कापड जोडून शिवलेला जाड पडदा. आत चार बाकं, एक लोखंडी कपाट, आणि टोकाच्या भिंतीवर चुन्यानं रंगवलेला पांढरा चौकोन. बाजाराच्या दिवशी बाहेर टेम्पोंची आणि कापसाच्या गाड्यांची ही गर्दी असे, पण पडदा सोडला की आतला काळोख घट्ट व्हायचा. मग उरायचा तो फक्त स्पिरिटचा आणि खडूचा वास.

ही खोली अप्पाराव सरांनी हळूहळू उभी केली होती. लेझर राजूरच्या जत्रेतला, किल्ल्यांच्या जुडग्याला लावायचा. ध्रुवणाच्या, म्हणजे प्रकाश एकाच दिशेनं गाळणाऱ्या, पट्ट्या बंद पडलेल्या कॅल्क्युलेटरांच्या पडद्यांवरून सोललेल्या. दिवाळीच्या सुट्टीत सर गेले. आकांक्षा त्यांची एकुलती एक मुलगी. जालन्याच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. तेराव्यापर्यंत ती रडली नाही. रडायला घरभर माणसं होती, आणि त्यांचा चहा कुणीतरी करायलाच हवा होता.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी संस्थेचे अध्यक्ष काकासाहेब भेटायला आले. गावात त्यांची आडत आहे. कापूस, मूग, तूर. थोडा वेळ ते सरांबद्दल चांगलं बोलले आणि मग मूळ मुद्द्यावर आले.

"आकांक्षा, मी काही सरांचा दुश्मन न्हाई. पण पाचवीच्या वर्गाचं छत गळून राह्यलं. रस्त्याकडंच्या खोलीत दोन गाळे निघतात, त्यांच्या भाड्यात छत होईल. सर होते तवर मी कधी तोंड उघडलं का?"

"नाही उघडलं."

"आता सरच न्हाईत. खोली चालवनार कोन?"

"मुलं चालवतील," आकांक्षा म्हणाली.

काकासाहेब हसले, पण त्यांना सौदा म्हटलं की राहवत नसे. "मंग असं कर. पुढच्या शुक्रवारी कमिटीसमोर पोरांनी प्रयोग करून दाखवायचे. तू हात लावायचा न्हाई, तोंडबी उघडायचं न्हाई. बराबर जमलं तर खोली राहील. न्हाई जमलं तर सोमवारी गवंडी लावतो. मान्य?"

"मान्य."

तिनं कॉलेजातून रजा काढली. रोज सकाळी जालन्याहून अंबडमार्गे एसटीनं यायचं, दुपारभर मुलांकडून तयारी करून घ्यायची आणि संध्याकाळी परत. प्रयोग दोन ठरले. साखरेच्या पाण्यातून जाताना प्रकाशाला किती पीळ बसतो हा शालू नावाच्या मुलीचा. केसाची जाडी लेझरनं मोजायची, हा तिच्या मैत्रिणीचा, साजियाचा.

केसाचा प्रयोग सरांचा लाडका. पुठ्ठ्याच्या चौकटीत केस ताणून बसवायचा आणि चौकट लेझरपुढं धरायची. भिंतीवरचा लाल ठिपका दोन्ही बाजूंना पसरतो आणि त्याचे पट्टे होतात. लाल तुकडा, काळी फट, पुन्हा लाल तुकडा. केस जितका बारीक, तितक्या फटी लांब लांब पडतात. फटींमधलं अंतर मोजायचं, भिंत किती लांब ते मोजायचं, भागाकार करायचा. डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या केसाची जाडी हातात येते.

पहिल्याच दुपारी साजिया म्हणाली, "ताई, केस न्हाई लावला अजून."

"मग लाव."

"तसं न्हाई. चौकट रिकामी हाय. पट्टे आले."

आकांक्षानं भिंतीकडं पाहिलं. चुन्याच्या चौकोनावर लाल पट्ट्यांची ओळ होती, स्वच्छ, अंतराअंतरावर तुटलेली. तिनं चौकट हातात घेऊन भोकातून बोट घातलं. काही नव्हतं. चौकट बाजूला ठेवली तरी पट्टे होतेच.

"लेझरच्या काचेवर चरा असेल," ती म्हणाली.

चरा असता तर लेझर हातात फिरवल्यावर पट्टेही फिरले असते. तिनं लेझर सावकाश गोल फिरवला. पट्टे जागचे हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी तिनं जालन्यात स्टेशनजवळच्या दुकानातून नवा लेझर आणला. पट्टे तेच होते आणि त्यांच्यातलं अंतरही तेच.

शाळा सुटल्यावर ती थोडी मागं थांबली. उन्हं अजून बाहेर होती. तिनं एक पांढरं कार्ड घेतलं आणि लेझरपासून भिंतीकडं, प्रकाशाच्या वाटेवर ते धरत धरत चालली. पहिल्या बाकापर्यंत कार्डावरचा ठिपका गोल आणि स्वच्छ. दुसऱ्या बाकापर्यंतही. दुसऱ्या आणि तिसऱ्या बाकाच्या मधल्या मोकळ्या जागेपुढं मात्र ठिपक्याची कड विस्कटू लागे, आणि पुढं पुढं तो पसरून त्याचे पट्टे होत.

तिनं त्या मोकळ्या जागेत हात फिरवला. कोळिष्टक नाही, दोरा नाही. हवा बाकीच्या खोलीइतकीच गार.

मग तिनं जे कुणीही केलं असतं ते केलं. टेप लावून फटी मोजल्या आणि भागाकार केला. उत्तर आलं ते केसाचंच होतं. बारीक केसाचं; मोठ्या आजारपणानंतर माणसाचे केस जसे उरतात तसा. उभा होता. आणि जमिनीपासून इतक्या उंचीवर, की एखादा उंच माणूस गुडघ्यांवर हात ठेवून, वाकून बाकावरचं काहीतरी निरखत असेल तर त्याचं डोकं तिथं यावं.

आकांक्षानं कार्ड कपाटात ठेवलं आणि बाहेर येऊन नळाखाली तोंड धुतलं.

अप्पाराव सरांना जवळचं नीट दिसत नसे. पोरं प्रयोग करायला लागली की ते कौतुकानं वाकत वाकत पुढं येत, आणि त्यांचं डोकं नेमकं प्रकाशात येई. म्हणून त्यांनीच नियम केला होता. ज्याचं मोजमाप चालू असेल तो त्या वेळी खोलीचा मालक. त्यानं कुणालाही सांगायचं, खुद्द सरांनासुद्धा: "सर, उजेड सोडा." मग सर दोन्ही हात वर करून मागं सरकत. "सोडला बाबा, सोडला." पोरांना मास्तराला हुकूम करायची ती एकच जागा होती, त्यामुळं ते शब्द त्यांच्या तोंडात पक्के बसले होते. टीव्हीसमोर उभ्या राहिलेल्या बापाला हेच ऐकवून एक पोरगा मार खाऊन आला होता. आकांक्षा लहान असताना तीही म्हणायची, "आप्पा, उजेड सोडा."

ते शब्द आपल्याला माहीत आहेत, हे तिला नळाखाली तोंड धुतानाच कळलं होतं.

तिनं ते उच्चारले नाहीत. ती विज्ञानाची प्राध्यापक होती, रिकाम्या खोलीला उद्देशून बोलणं तिला शोभलं नसतं, असं तिनं स्वतःला सांगितलं. खरी गोष्ट वेगळी होती. शब्द चालले असते तर? मग ती जागा रिकामी झाली असती, आणि ती आपल्या हातानं केलेली असती.

त्याऐवजी तिनं टेबल हलवलं. लेझर कपाटाच्या बाजूला नेला, त्या मोकळ्या जागेपासून दूर, आणि भिंतीवर चुन्याचा नवा चौकोन काढला. लावून पाहिलं. लाल ठिपका, गोल, एकटा. रोज पाहिलं, रोज तसाच. तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याबद्दल थोडी लाजही वाटली.

शुक्रवारी दुपारी कमिटी आली. काकासाहेब दाराशेजारच्या खुर्चीवर बसले. मुख्याध्यापक याकूब सर, कमिटीची चार माणसं, आणि उरलेली सगळी जागा भरून मुलं. आकांक्षा कपाटाला टेकून हाताची घडी घालून उभी राहिली.

आधी शालू. शाळेच्या शिपायानं बाहेरच दोन बाटल्यांत साखरेचं पाणी करून आणलं होतं, एकीत साखर कमी, एकीत जास्त. कुठल्या बाटलीत किती ते त्याच्याखेरीज कुणालाच माहीत नव्हतं. शालूनं दोन ध्रुवणपट्ट्या, त्यातली एक फिरत्या चकतीवर बसवलेली, एकमेकींना आडव्या धरल्या. प्रकाश बंद झाला. मध्ये पाण्याची नळी ठेवली. उजेड पुन्हा दिसला.

"साखर उजेडाला पीळ देती," शालू म्हणाली. "पुन्हा काळोख करायला चकती जेवढी फिरवावी लागंल, तेवढी साखर जास्त."

"माझा चहा तपासती का? घरचे म्हनतात साखर टाकली, मला पटत न्हाई," काकासाहेब म्हणाले.

"दुधातून उजेड पार जात न्हाई काका. कोरा चहा प्यायला लागा, मंग बघू."

सगळी खोली हसली. शालूनं दोन्ही पाण्यांसाठी चकती फिरवून उजवी बाटली जास्त गोड म्हणून सांगितलं. काकासाहेबांनी दोन्ही चाखल्या आणि मान डोलावली.

मग साजिया. तिनं लेझर लावला. "आता मी केस..."

"थांब पोरी. आधी रिकामा काटा दाखव. आडतीवर माल घालायच्या आधी आमी गिऱ्हाइकाला काटा शून्यावर दाखवतो. तशी रिकामी चौकट दाखव."

साजियानं रिकामी चौकट प्रकाशात धरली.

नव्या चौकोनावर लाल पट्ट्यांची ओळ उमटली.

सकाळी नव्हती. आकांक्षानं स्वतः पाहिलं होतं. पण सकाळी खोली अशी मुलांनी भरलेली नव्हती, आणि खरा प्रयोग सुरू झाला नव्हता.

"हे काय?" काकासाहेबांचा आवाज बदलला. "केस न्हाई, आन पट्टे हायेत? मंग केस लावल्यावर काय नवं दिसनार? लेझरमदीच काही घालून आनलंय का?"

"न्हाई काका," साजिया म्हणाली.

"रिकामा काटा वजन दाखवतो, तो काटा मी वापरीन का?"

कमिटीत कुजबुज झाली. याकूब सरांनी आकांक्षाकडं पाहिलं. तिनं बोलायचं नव्हतं. ते ठरलं होतं. आणि बोलायचे ते शब्द ओठांपर्यंत येऊन थांबले होते. ती म्हणाली असती तर पट्टे गेले असते.

साजियानं चौकटीवर फुंकर मारली. पुसली. पुन्हा धरली.

पट्टे.

तिच्या कपाळाला आठी पडली. भीतीची नव्हती. मोजमापाच्या मध्ये कुणी कडमडलं की पडते ती. भिंतीवरची नजर न काढता, सवयीनं, थोड्या वैतागानं ती म्हणाली,

"सर, उजेड सोडा."

मग आपण काय बोलून बसलो ते तिला कळलं आणि तिचा हात तोंडावर गेला.

याकूब सरांना वाटलं, आपल्यालाच म्हणाली. ते एक पाऊल मागं झाले, पण ते प्रकाशाच्या जवळपासही नव्हते.

भिंतीवरचे पट्टे थरथरले.

गेले.

ठिपका राहिला. गोल, लाल, एकटा.

"हां," काकासाहेब म्हणाले. "आता आला काटा शून्यावर."

मग सगळं जत्रेसारखं झालं. केस कुणाचा घ्यायचा? अध्यक्षांचा. डोक्यावर काही उरलं न्हाई, मिशीचा चालंल का? चालंल. काकासाहेबांनी मिशीतला एक केस उपटून दिला, डोळ्यांत पाणी आलं ते पुसलं. साजियानं तो चौकटीत ताणला. भिंतीवर पट्टे उमटले, जाड केसाचे, एकमेकांच्या जवळ दाटलेले. तिनं फटी मोजल्या, फळ्यावर भागाकार केला आणि खणखणीत आवाजात उत्तर सांगितलं: शून्य पूर्णांक अकरा मिलिमीटर. तोच केस बारीक जाडी मोजायच्या स्क्रू गेजमध्ये घालून काकासाहेबांनी स्वतः स्क्रू आवळला आणि बॅटरीच्या उजेडात शतांश मिलिमीटरच्या खुणा मोजल्या. अकरा. त्यांनी पुन्हा मोजल्या. अकराच.

"बिलकुल बराबर," ते हळू आवाजात म्हणाले. मग मोठ्यानं, "गवंड्याला सांगा, पाचवीचं छत धर म्हनावं. खर्चाचं मी बघतो. ही खोली राहील."

मुलांनी जो ओरडा केला तो बाजारापर्यंत गेला असणार. शालूनं साजियाला उचललं. याकूब सर चष्मा पुसत राहिले. आकांक्षा हसत होती आणि तिचे गाल ओले होते. तेरा दिवसांत जे जमलं नव्हतं ते आता आपोआप होत होतं. सगळे गेल्यावर तिनं कार्ड घेतलं आणि लेझरपासून भिंतीपर्यंत एकेक पाऊल चालून पाहिलं, जुन्या जागेवरूनही. प्रकाश आरपार स्वच्छ होता. तिला दुःख झालं, पण ते सरळ, ओळखीचं दुःख होतं. ते घेऊन ती एसटीत बसली, आणि अंबड येईपर्यंत खिडकीबाहेर बघत, किती वर्षांनी, गुणगुणत होती.

अंबडला फोन वाजला. याकूब सरांनी प्रयोगाचा व्हिडिओ शाळेच्या ग्रुपवर टाकला होता. कोपऱ्यातल्या स्टँडवर लावून ठेवलेल्या मोबाइलमधला. त्यात सगळी खोली येत होती, लेझरच्या लालसर उजेडात. आकांक्षानं साजियाचं वाक्य पुन्हा ऐकलं. आणि मागं नेऊन तिसऱ्यांदा.

पहिल्या वेळी तिचं लक्ष भिंतीकडं होतं. आता ते मुलांकडं गेलं. साजिया बोलली आणि दाटीवाटीनं उभी असलेली मुलं बाजूला सरली. कुणाची नजर भिंतीवरून हटली नाही. पण एकामागून एक, गर्दीत माणूस जाताना नकळत सरकावं तशी सरली, आणि लेझरपासून दारापर्यंत एका माणसापुरती वाट झाली. शालूनं ओढणी जवळ घेतली. वाट लेझरच्या बाजूनं मागोमाग मिटत गेली.

गुडघे दुखतात म्हणून काकासाहेब पाय लांब सोडून बसले होते. वाट त्यांच्यापर्यंत आली तेव्हा त्यांनीही न बघता पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

दाराचा पडदा मात्र हलला नाही; बाहेर कुणी गेलं नव्हतं.

आकांक्षानं व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. मिशीचा केस, स्क्रू गेज, गवंडी, खोली राहील. तेवढा सगळा वेळ काकासाहेबांचे पाय खुर्चीखाली आखडलेलेच होते, आणि खोली राहील म्हणण्याआधी त्यांनी मान वर करून आपल्या उजव्या बाजूच्या रिकाम्या जागेकडं एकदा पाहिलं होतं, होकार विचारल्यासारखं.