दोन ठोके, खंड, एक

भीतीला रात्रच लागते असं नाही. आमच्या इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या खोलीत भरदुपारीही अंधार असतो. पडद्यावरचं हृदय नीट दिसावं म्हणून दिवे मालवलेले, खिडकीला जाड काळं कापड, आणि हवेत जेलचा नि स्पिरिटचा थंड वास. त्या दुपारी मी एक साधी तपासणी उरकायला आत गेले होते.

पलंगावर डाव्या कुशीवर झोपल्या होत्या पोहायला शिकवणाऱ्या एक बाई. पायांशी त्यांची सून उभी.

"जिना चढला की धाप लागते, पण कबूल करायच्या नाहीत," सून म्हणाली.

"तू चढ माझ्याबरोबर. आधी कोण बसतं ते बघू." मग बाई माझ्याकडे वळल्या. "डॉक्टर, माझ्यासारखीच माझ्या ताईच्याही हृदयाची झडप गळत होती. याच खोलीत तपासलं होतं. सगळं उत्तम आहे म्हणाले. पुढच्या तपासणीपर्यंत ती राहिली नाही. मला उत्तम म्हणू नका. खरं सांगा."

मी यंत्राचा प्रोब त्यांच्या छातीवर टेकवला, आणि गळतीचा सुस्कारा ऐकू येऊ लागला. तेवढ्यात आमचे विभागप्रमुख सर डोकावले, त्यांनी पडद्याकडे उभ्याउभ्याच पाहिलं.

"पंपिंग साठ टक्के, गळती किरकोळ. साठ म्हणजे फर्स्ट क्लास. सहा महिन्यांनी या."

सर शेजारच्या खोलीत गेले. माझं डोकं फिरलं. झडप गळत असली की हा आकडा गोड बोलून फसवतो. हृदय आवळतं खरं, पण त्यातलं बरंचसं रक्त पुढे न जाता मागे पळतं. मागे ढकलायला जोर कमी लागतो, म्हणून दमलेलं हृदयही पैलवान दिसतं. दिसतं तसं नसतं, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. मग आम्ही विसरतो.

आणखी जेल घ्यायला मी प्रोब उचलला.

आवाज थांबला नाही.

यंत्रातून गळतीचा तो सुस्कारा येतच होता. प्रोब माझ्या हातात, हवेत. पडद्यावर खालच्या बाजूला बाईंच्या ठोक्यांची रेघ एका लयीत धावत होती, आणि आवाज त्या लयीत नव्हता. दोन ठोके... खंड... एक. प्रत्येक ठोक्यामागे तो ओला, लांब सूं...

"आई, हे काय..." सून पुटपुटली.

बाई हलल्या नाहीत. "हा माझा नाही," त्या हळूच म्हणाल्या. "लहानपणी ताईच्या पाठीला कान लावून झोपायचे मी... ही तिची चाल आहे."

तरी मी प्रोब पुन्हा टेकवला. मनगटाभोवती काहीतरी गार आवळलं, आणि हात काखेकडे सरकला. मी सरकवला नव्हता. त्या तिरक्या कोनातून ते दिसलं: गळतीची धार सरळ न जाता हृदयाच्या भिंतीला चिकटून, वळसा घालून पार मागपर्यंत पोचत होती. समोरून पाहणाऱ्याला ती किरकोळच वाटणार.

कोन कुणी दाखवला ते मी सांगू शकत नाही. मोजमाप मात्र माझं होतं. ताणलेला कप्पा मोजला, आवळल्यावरही तो किती मोठा राहतो ते मोजलं, मागे पळणारं रक्त मोजलं. मग सरांना दंडाला धरून आणावं तसं आणलं.

"सर, मागचं दार सताड उघडं असताना माणसं किती बाहेर पडली एवढंच मोजून काय उपयोग? पुढच्या दाराने किती गेली ते बघा. हे हृदय थकलंय."

"मॅडम आज आम्हाला शिकवणार," सर म्हणाले. पण खुर्ची ओढून बसले. बराच वेळ पाहत राहिले. "सर्जनकडे पाठवा. सहा महिने नको, याच आठवड्यात."

झडप दुरुस्त झाली. अजून थोडं थांबलो असतो तर हृदय सावरलं नसतं, असं सर्जन सगळ्यांसमोर म्हणाले. माझी मान ताठ झाली, आणि ती मी मुळीच वाकवली नाही. का वाकवावी?

बाई पुन्हा तपासणीला आल्या तेव्हा जिना चढून आल्या. गळती नव्हती. हृदय आटोपशीर झालं होतं.

"ताईला कळायला हवं होतं," जाताना त्या म्हणाल्या. सून डोळे पुसत हसली.

त्या गेल्यावर मी यंत्र बंद केलं, प्लगही काढला. सर दारात उभे होते. प्रथमच माझ्या पाठीवर थाप मारायला त्यांनी हात उचलला, आणि तो तसाच राहिला.

"कुणाचं हृदय चालू ठेवलंय?"

अंधारात, रिकाम्या पलंगाकडून. दोन ठोके... खंड... एक. चाल तीच. पण सूं नव्हता. प्रत्येक ठोका घट्ट, भरलेला, निरोगी. गळतीचा मागमूस नाही.

आणि तो आवाज पलंगावरून उठून आमच्याकडे येत होता.