दामूचे टोले

बसा इथं टपरीत, शेगडीजवळ. चहासाठी आलं ठेचते. हा ज्याच्यावर ठेचते ना, तो लोखंडाचा तुकडा म्हणजे या स्टेशनाची जुनी घंटा हाय.

डहाणूपर्यंत लोकल नव्हत्या, तेव्हा इथं मोजक्या शटल थांबायच्या. भोंगा नाय, पाटी नाय. माझा नवरा दामू, आमच्या सपनाचा बाप, इथं पोर्टर होता. रुळाचा हा तुकडा टांगून हातोडीनं टोले द्यायचा. एक टोला, मुंबईकडची गाडी. दोन, डहाणूकडची. आणि न थांबणारी मेल आली की टणाटण वाजवतच सुटायचा. मग रूळ ओलांडणारा माणूस जिथल्या तिथं उभा राही. आमच्या गावची पोरं चालायला शिकायच्या आधी हे शिकायची.

पुढं भोंगे आले, पूल झाला, टोले बंद पडले. मास्तरांनी तुकडा मला दिला. दामू गेला तेव्हा हातोडी मीच सरणावर ठेवली. म्हटलं, घेऊन जा, हिच्याशिवाय तुला करमायचं नाय.

मागच्या थंडीतली गोष्ट. पहाटेचं धुकं असं, की समोरचा फलाट दिसेना. सपनाला बोईसरला फर्स्ट शिफ्ट.

"पुलावरून जा गं," मी म्हटलं.

"गाडी चुकेल, आई." उतरलीच खाली रुळात. बापाचाच हट्टी स्वभाव.

मी आलं तुकड्यावर ठेवलं, दूध ओतायला वळले. आणि पाठीमागं टोले. टणाटण, टणाटण...

"बाबा...?" धुक्यातून सपनाचा आवाज.

"हलू नको..." माझा आवाज मलाच ऐकू येईना.

मेल गेली. पातेल्यावरचं झाकण उडालं. गाडीच्या वाऱ्यानं धुकं फाटलं तेव्हा पोर दोन लायनींच्या मधे उभी, डबा छातीशी धरून. दोन पावलं पुढं असती तर... मी तिला एक ठेवून दिली, मग जवळ घेऊन रडले.

परत आले तर तुकडा फळीवर तसाच आडवा. आडव्या लोखंडाचा आवाज बसका येतो, मारून बघा. पण आलं ठेचलेलं होतं, आणि मी दगड उचललाच नव्हता.

भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण बरंही वाटलं. मेला तरी माणसानं ड्युटी सोडली नाय. तेव्हापासून पहिला कप त्याचा.

सपना आता पुलावरूनच जाते. आज तर तिला सुट्टी हाय, घरी झोपलीय. ऊनही लख्ख पडलंय. तरी मघाशी तुमी रुळात पाय टाकायला गेलात, तेव्हा टोले वाजले. मला ऐकू आले, म्हणून तर तुमाला हाक मारून इथं बसवलं.

एवढा वेळ झाला. मेल काय आली नाय. टोले थांबले असतील असं वाटतंय ना तुमाला? इथं हात ठेवा, या लोखंडावर...

थरथरतंय ना अजून? चहा घ्या. सावकाश प्या.