एकच टेक

स्वस्तातल्या भयपटांवर दिग्दर्शकाचा भारी जीव. रबरी भुतं, ओलेत्या बायका, दार आपटलं की डुलणारी पुठ्ठ्याची भिंत... ‘यातूनच मी घडलो,’ असं तो प्रत्येक मुलाखतीत गहिवरून सांगे. त्यातली निम्मी दृश्यं त्याच्या सिनेमांत आली होती. नवख्याने उचललं की चोरी; पारितोषिकवाल्याने उचललं की आदरांजली.

असलाच एक जुना सिनेमा साफसूफ करून तो आता महोत्सवात दाखवणार होता. संकलनाच्या खोलीत न्हाणीघराचा प्रसंग लागला. चिंब भिजलेली बाई किंचाळते आणि थेट कॅमेऱ्याकडे बघते.

“डोळे डिट्टो तुझे रे!” संकलक म्हणाली. कॉलेजपासूनची मैत्रीण, तिला भीडभाड नव्हती. “कोण ही?”

“असेल कुणी एक्स्ट्रा. चेहरा दिसू देऊ नकोस. भडक वाटतो.”

त्याच एक्स्ट्राने सकाळी त्याच्या शर्टाचं बटण लावून दिलं होतं. असल्याच किंकाळ्यांच्या कमाईवर तिने त्याला शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी पडद्यावरची बाई पाठमोरी होती. ओला अंबाडा, त्यात तिरका खोचलेला पितळी आकडा. किंकाळी तीच.

“छान! दुसरा टेक मिळाला वाटतं?”

“दुसरा टेक?” संकलक हसली नाही. “या लोकांकडे फिल्म कुठली असायला? चुकलं तरी तेच ठेवायचे. आणि मी अजून हातसुद्धा लावलेला नाही.”

त्याने मूळ रीळ उजेडासमोर धरलं. चौकटीमागून चौकट. सगळीकडे पाठ.

आकडा त्याच्या ओळखीचा होता. आई अजून तोच लावायची.

“ती माझी आई आहे,” तो म्हणाला.

“मग काल का नाही बोललास?”

त्याने रीळ डब्यात ठेवलं. झाकण काही केल्या नीट बसेना.

भर दुपारी तो घरी आला. आई जेवणाच्या टेबलाशी, दाराकडे पाठ करून बसली होती. केसांतून पाणी ठिबकत होतं.

“आई, महोत्सवाला तू माझ्याबरोबर यायचंस. पहिल्या रांगेत.”

“नको रे बाळा.” आवाज नेहमीचाच, मऊ. “चारचौघांत उगाच तुझी पंचाईत.”

“आई, इकडे बघ ना.”

“बघतेच आहे की.”

तो टेबलाला वळसा घालून तिच्या समोर गेला.

समोरही अंबाडाच होता. आकडा तेवढाच तिरका.