दोन खिळे

धाकट्याने दार उघडलं, अकरा वर्षांनी समोर उभ्या असलेल्या सख्ख्या भावाकडे पाहिलं, आणि चौकटीला लावलेला हात काही खाली घेतला नाही.

"पोलिसांना माहीत आहे, आलायस ते?"

"उद्या सकाळी कोर्टात हजर होतोय. वकिलांशी बोलणं झालंय. आजचा दिवस... आईला बघायचं होतं."

"म्हणजे परवा पेपरात पुन्हा आमचं आडनाव!"

परक्या देशातल्या लिफ्टच्या खड्ड्यांत उतरून काम करताना, या दाराशी काय बोलायचं याची थोरल्याने इतकी उजळणी केली होती, की ऐन वेळी एकही वाक्य आठवेना. विमानतळावरची उजळणीही अशीच वाया गेली होती. पासपोर्ट तपासणारा आपल्याला बघताच ताडकन उठेल, दोन शिपाई धावत येतील, असं याने गृहीतच धरलं होतं. तपासनिसाने जांभई दिली आणि शिक्का मारला. "अजून काही बघायचं नाही?" यानेच विचारलं. "पुढे चला हो, मागे रांग आहे!" ज्या वॉरंटच्या धाकाने माणूस आईला पारखा झाला, त्या वॉरंटला त्याची साधी ओळखसुद्धा नव्हती!

"आत घे त्याला," आतून आईचा आवाज आला. "दारात उभं करायला तो काय मीटर बघायला आलाय?"

हात खाली आला.

खोलीत खुर्च्या बदलल्या होत्या, रंग बदलला होता, आई निम्मी झाली होती. बदलले नव्हते ते दिव्याच्या बटणाशेजारचे दोन खिळे. उजव्यावर वीतभर लाल वायर लोंबत होती, दोन गाठी मारलेली. डावा रिकामा होता.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांच्या घरातले खिळे ते. दार उघडं असताना लिफ्ट हलता कामा नये. पण दुरुस्तीसाठी ती हलवावी लागते, म्हणून मेकॅनिक दाराच्या कुलपाच्या पेटीत एक छोटी वायर जोडून लिफ्टला फसवतो. काम संपलं की ती काढायची. विसरलात, तर दार सताड उघडं असतानाही लिफ्ट चालू पडते. म्हणून वडिलांनी घरात कायदा केला होता: प्रत्येकाची एकच वायर, थोरल्याच्या वायरीला एक गाठ, धाकट्याच्या वायरीला दोन, संध्याकाळी वायर आपापल्या खिळ्यावर आली की मगच ताटं वाढायची. वडील गेले, कायदा राहिला. इतक्या वर्षांत एकदाही ताटं थांबली नव्हती, आणि घात केला तो याच खात्रीने.

अकरा वर्षांपूर्वी एका इमारतीत काम चालू असताना धाकट्याला फोन आला, बायकोला कळा सुरू झाल्या, आणि तो हातातलं टाकून धावला. मागून थोरला गेला, अवजारं गोळा केली, लिफ्ट दोनदा वरखाली केली आणि नोंदवहीत 'सर्व तपासले' लिहून सही ठोकली. कुलपाची पेटी उघडली नाही. उघडायची कशाला? धाकटा एक वेळ स्वतःचं डोकं विसरेल, वायर विसरणार नाही! संध्याकाळी घरी उजवा खिळा रिकामा दिसला, तरी त्याच्या मनात पाल चुकचुकली नाही. वायर प्रसूतिगृहात धाकट्याच्या खिशात असेल, झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या इमारतीतल्या ऑफिसात टायपिंग करणाऱ्या एक बाई लिफ्टमध्ये पाऊल टाकत असतानाच लिफ्ट वर निघाली. बाई वाचल्या. डावा पाय गेला.

सगळ्यांच्या आधी पेटीपाशी पोचला तो थोरला. उघडून बघतो तर लाल वायर, आणि तिला... दोन गाठी!

दुपारी घरी येऊन त्याने ती उजव्या खिळ्यावर अडकवली आणि डाव्यावरची स्वतःची काढून खिशात घातली. सही त्याची होतीच. परदेशातल्या नोकरीचं पत्रही कपाटात होतं. आठव्या दिवशी तो गेला, तारखांना हजर राहिला नाही, पकड वॉरंट निघालं. खिळ्यांकडे बघून घराने समजायचं ते समजून घेतलं: पेटीत राहिली ती थोरल्याचीच वायर; चूक त्याची, आणि वर पळपुटा!

"भाऊजी, चहा," धाकट्याच्या बायकोने कप पुढे केला. तो कप हातात पडायच्या आत धाकट्याचा बांध फुटला.

"हवालदार यायचे इथे. 'तुम्ही त्याचे कोण?' विचारायचे. मी सांगायचो, कोणी नाही! त्या बाईंकडे दोनदा गेलो मी. तुझ्या वतीनं हात जोडले. त्यांनी काय केलं ठाऊक आहे? कुबडी घेऊन उठल्या आणि मला पाणी आणून दिलं. ते पाणी घशाखाली उतरेना... आणि तू तिकडे मजेत!"

एक वाक्य. फक्त एक वाक्य, आणि हे सगळे शब्द जागच्या जागी विरघळले असते! ते वाक्य थोरल्याच्या ओठांपर्यंत आलं आणि त्याने ते गिळलं. "चुकलं माझं," एवढंच तो म्हणाला. मग उठून, उद्या कुठे झोपायला लागेल कोण जाणे, तोवर ही तरी घरी असू दे, अशा विचाराने त्याने खिशातली एका गाठीची वायर काढून डाव्या खिळ्यावर अडकवली.

"तीच ना?" धाकटा ओरडला. "त्या बाईंचा पाय घेणारी! जपून ठेवलीस? लाज नाही वाटत?"

"ती नव्हे," आई म्हणाली.

दोघेही वळले.

"ती त्या दिवशी इथेच होती, डाव्या खिळ्यावर. यानं दुपारी येऊन काढली. आणि तुझी आणून लावली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते."

धाकटा 'खोटं' म्हणाला नाही.

"मी दोन दिवस घरी आलोच नव्हतो," तो म्हणाला. "तिसऱ्या दिवशी बघतो तर वायर खिळ्यावर. मी लावल्याचं आठवेना. कोणाला विचारलं नाही... विचारायची छाती झाली नाही. तुझ्यावर चिडलो की तो प्रश्नच पडायचा नाही रे!"

थोरला आईकडे बघत होता. "तुला माहीत होतं? इतकी वर्षं?"

"एक मुलगा तसाही जाणार होता. दुसऱ्याचं लेकरू एका दिवसाचं होतं. मी निवडलं रे! आईनं निवडू नये... मी निवडलं." तिने डाव्या खिळ्याकडे बोट केलं. "रोज त्या रिकाम्या खिळ्यासमोर ताट घेऊन बसले. तुझे वडील असते, तर त्यांनी वाढू दिलं नसतं मला."

थोरल्याला राग आला, सपाटून राग आला. आपलं दुःख कोणालाच ठाऊक नाही, या एकाच अभिमानावर तो परदेशात तगला होता. आणि ही बघत होती, बघून गप्प बसली होती! पण आईच्या सुकलेल्या हातांकडे त्याला फार वेळ बघवलं नाही. तो जवळ गेला आणि त्याने ते हात स्वतःच्या डोळ्यांवर दाबून धरले.

"उद्या मी जातो," धाकटा म्हणाला.

"सही माझी आहे. पेटी न उघडता केलेली. वायर लपवली तीही मीच. ते काही तू केलं नाहीस."

"आणि मी केलं ते?"

"मुलीचा विचार कर."

"तिचाच विचार करून सांगते, भाऊजी," धाकट्याची बायको दारातून म्हणाली. "अकरा वर्षांत तिचा एक वाढदिवस या घरात मोकळ्या मनानं झाला नाही. दुसऱ्या दिवशीची आठवण आधी यायची. एकदाचं काय ते सांगून या दोघं."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही खिळे रिकामे होते.

कोर्टात कारकुनाने जुनी फाइल शोधायलाच अर्धा तास लावला. धूळ झटकली, थोरल्याच्या नावापुढे खूण केली आणि चष्म्यावरून धाकट्याकडे पाहिलं.

"तुम्ही यांचे कोण?"

धाकट्याने खिशातून दोन गाठींची वायर काढून टेबलावर ठेवली.

"हा माझा दादा," तो म्हणाला. "आणि ही वायर माझी."