काढ म्हटलं की काढायची

टेबलाखाली घुसायचं काम टिटवीकडे आलं, कारण घरात तेवढ्याशा जागेत मावणारी तीच एक होती. "आणि तेवढा वेळ तुझं तोंडही बंद राहील," ताई म्हणाली. शाळेला सुट्टी, आई कामावर, बाहेर लख्ख दुपार. टिटवी एका पायावर तयार होती. ताईने तिला कामात घेतलं होतं, चेष्टा नाही!

काम होतंही भारी. दूर कुठल्याशा इमारतीतल्या अवाढव्य यंत्राच्या पोटात खोटेखोटे कॉम्प्युटर चालायचे आणि त्यांचा पडदा इथे ताईच्या स्क्रीनवरच्या खिडकीत दिसायचा. मध्येच संपर्क तुटला की खिडकी धाडकन मिटायची आणि लोक भांबावायचे. ताईला तेच नीट करायचं होतं. तुटलं तरी शेवटचं चित्र तसंच राहावं, जोडलं की तिथूनच पुढे सुरू व्हावं.

"समोरच्याला धक्का बसता कामा नये, कळलं? मी काढ म्हटलं की ही इंटरनेटची वायर काढायची."

पहिल्यांदा काढली, तर खिडकी गडप. ताईने स्वतःलाच दोन शिव्या हासडल्या, बराच वेळ काहीबाही टाइप केलं आणि चहाचा कप उचलला.

"हं, काढ. आणि ऐक टिटवे, संध्याकाळी आपण दोघी मस्त"

टिटवीने वायर काढली.

पुढचं काही आलंच नाही. तिने डोकं बाहेर काढलं. कप ताईच्या ओठांशी होता. चहाची वाफ वर जात होती, पंख्याच्या वाऱ्याने कपाळावरची बट उडत होती. पापणी मात्र हलत नव्हती.

"पुरे गं नाटक."

वाफ वर जात राहिली.

"ताई, मला नाही आवडत हं असलं."

तिने चाचपडत वायर परत खोचली. टक्.

"फिरायला जाऊ," ताई म्हणाली आणि चहाचा घोट घेतला. "वा! कळलंसुद्धा नाही. पुन्हा काढ."

"नको. तू थांबतेस."

"मी? वेडी का तू? मी बोलतेच आहे की मघापासून."

टिटवीने वायर दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरली. वर ताईची बोटं पटपट पळत होती.

"आता बघ गंमत. तुटलं तरी चित्र थांबणार नाही. पुढे काय येईल याचा अंदाज घेऊन आपलं आपणच चालत राहील. सोड वायर."

"नाही सोडणार!"

"हट्टी!" ताईने पुन्हा कप उचलला, पाय लांब केला, बोटांत वायर अडकवली आणि हिसका दिला.

टिटवी श्वास रोखून वर बघत राहिली.

ताईची पापणी लवली. तिने कप खाली ठेवला. हसली.

टिटवीला रडूच फुटलं. ती धडपडत बाहेर आली आणि खुर्चीमागून ताईच्या गळ्यात पडली.

ताई खाली वाकली. "घाबरट कुठली," लाडाने म्हणाली, आणि टेबलाखालच्या रिकाम्या जागेत हात फिरवत राहिली, केसांवरून फिरवावा तसा.