परतीच्या पत्त्याला सूट

धनेश आमच्या कामोठ्याच्या ऑफिसात पहिल्यांदा आला तो भांडायलाच. “मॅडम, माझा प्रोग्राम कोनी मारला?”

“कर्नलने,” मी म्हणाले.

“कुठं बसतो तो?”

मी कॉम्प्युटरकडे बोट केलं. त्याने खरंच कॉम्प्युटरकडे रागाने पाहिलं... मग माझ्याकडे, जरा कमी रागाने.

न्हावा शेव्याजवळ त्याचं कंटेनर यार्ड. त्याच्या गेटचा प्रोग्राम आमच्या सर्व्हरवर चालायचा; आम्ही तिथे शॅडो स्टॅक नावाचा पहारा चालू केला आणि तो आडवा झाला. बाहेर ट्रेलरची रांग.

मी समजावलं. प्रोग्राम कामाला निघताना परतीचा पत्ता लिहून ठेवतो. तो कोणी खोडू नये म्हणून प्रोसेसर दुसरी नक्कल राखतो, तोच शॅडो स्टॅक. तिला प्रोग्रामलाही हात लावता येत नाही. परतताना दोन्ही पत्ते जुळले नाहीत, की कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, प्रोग्रामला मारतो.

“विचारत पन नाय?”

“नाही.”

“लय कडक हाय. आमचा प्रोग्राम चुलतभावाने लिवलाय, तो मुद्दामच पत्ते बदलतो. सूट द्या ना.”

दिली. पंधरा दिवसांची. संपली की तो यायचा, डब्यात सुका जवळा घेऊन. वास अख्ख्या ऑफिसला यायचा आणि अख्खं ऑफिस माझ्याकडे बघायचं.

“प्रोग्राम दुरुस्त का करत नाहीस?”

“मंग इकडं कशाला येऊ?”

मी कीबोर्डवरची धूळ पुसली. धूळ नव्हती.

एकदा जाता जाता म्हणाला, “नवा प्रोग्राम झाला ना, की आईशी बोलतो... आपलं.”

झालं. लग्नासाठी मुली उपास करतात. मी रविवारी बसून गेटचं सॉफ्टवेअर लिहिलं. सगळे पत्ते जुळले. सूट रद्द केली, वर लॉक लावलं, म्हणजे ती पुन्हा मागताच येऊ नये.

तो आला. डबा नव्हता.

“आईशी बोललो.”

“मग?”

“तिचं उरणला आधीच बोलून झालंय.” तो खुर्चीच्या पाठीशी खेळत राहिला. “हळदीला ये. डीजे हाय.”

“तू काय म्हणालास तिला?”

विचारलं मी. कर्नलने विचारलं नसतं.

“मी काय म्हननार, समीक्षा... पन मी येत जाईन ना अधूनमधून. थोडी सूट—”

“लॉक केलंय.”

तो गेला. त्याचा प्रोग्राम अजून चालतो, एकदाही पडला नाही. जिथून निघतो, तिथेच परत येतो.

मी लिहिलाय.